वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय?

बेरोजगार तरुणांसाठी असलेल्या प्रशिक्षण आणि कामाच्या शासकीय योजनांविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बी. ए. झालो आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत आधी सहा महिने आणि मुदतवाढीनंतर आणखी पाच महिने काम केले. दाखले तयार करणे, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या फाडणे, संगणकावरील नोंदी ही सगळी कामे मीच करत होतो. आता मुदत संपली म्हणून येणे बंद करा, असे सांगण्यात आले. अकरा महिने काम केल्यावर मला कायम होण्याचा हक्क नाही का? – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आपला प्रश्न एकट्या आपला नाही. याच मागणीसाठी २०२५ मध्ये राज्यात ठिकठिकाणी प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलने केली. तरीही आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देतो : या योजनेतून कायम नोकरीचा कायदेशीर हक्क निर्माण होत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही योजना सुरू झाली, तेव्हापासून तिचे स्वरूप प्रत्यक्ष कामातून मिळणाऱ्या प्रशिक्षणाचे आहे. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधरांना १०,००० रुपये मिळतात, ते वेतन नसून विद्यावेतन आहे. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांची झाली, तरी हे स्वरूप बदलले नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात दिलेला निकाल आजही अशा प्रत्येक प्रकरणात पुढे येतो. जाहिरात, खुली स्पर्धा आणि आरक्षणाचे नियम यांतून न जाता तात्पुरत्या कामावर आलेल्या व्यक्तीला केवळ काही काळ काम केले म्हणून सरकारी सेवेत कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

हे झाले कायद्याचे. परंतु जिथे लिपिकाचे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे, तिथे एखाद्या पदवीधराला प्रशिक्षणार्थी म्हणून बसवून त्याच्याकडून लिपिकाचेच काम करून घ्यायचे आणि मुदत संपली की त्याच खुर्चीवर पुढचा प्रशिक्षणार्थी आणायचा, ही पद्धत मला मान्य नाही. प्रशिक्षण म्हटले की शिकवणारा कोणीतरी असावा लागतो, आणि शिकून झाल्यावर तो माणूस कुठे जाणार याचा विचार आधी झालेला असावा लागतो. रिक्त पदे भरा, ही मागणी आपण अवश्य करावी आणि संघटितपणे करावी. मात्र ती पूर्ण होईपर्यंत आपले अकरा महिने वाया जाऊ नयेत, यासाठी एक काम याच आठवड्यात करा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन सविस्तर अनुभव प्रमाणपत्र मागा. 'सदर उमेदवाराने या कार्यालयात समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीतील नोंदी केल्या का, नमुना ९ ची मागणी तयार केली का, जन्म-मृत्यूच्या नोंदी कोणत्या प्रणालीवर भरल्या, किती गावांची किंवा किती मालमत्तांची कामे हाताळली, हे सर्व त्यात यायला हवे. प्रमाणपत्राला जावक क्रमांक आणि दिनांक असावा, शिक्का स्पष्ट उमटलेला असावा. अर्जाची पोच स्वतःजवळ ठेवा. योजनेचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते, तेही राज्य शासनाच्या महास्वयम या रोजगारविषयक संकेतस्थळावरून आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून मिळवून ठेवा.

कागदाचा एवढा आग्रह मी का धरतो, याला एक जुना दाखला आहे. सुशिक्षित बेरोजगारांना अर्थसाह्य देण्याच्या योजनेखाली राज्यातील हजारो पदवीधरांनी शासकीय कार्यालयांत तीन वर्षांपर्यंत दरमहा अवघ्या ३०० रुपये मानधनावर काम केले. त्यांना पुढे 'पदवीधर अंशकालीन कर्मचारी' म्हणून सरळसेवा भरतीत १० टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच राखलेल्या जागा) मिळाले आणि त्यांची वयोमर्यादा ५५ वर्षांपर्यंत शिथिल झाली. आजही भरतीच्या जाहिरातींत प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या शेजारी 'अंशकालीन' हा रकाना दिसतो, तो त्यांचाच. मी अशा एका गृहस्थांना जवळून ओळखत होतो. तीन वर्षे त्यांनी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळली होती, पण सवलत लागू झाली तेव्हा त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र होते, ना रोजगार केंद्रातील नोंदणीचे नूतनीकरण. कार्यालयाचे जुने हजेरीपट सापडले नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या दुसऱ्याने मात्र सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या पेटीत ठेवले होते, आणि तो वयाच्या पन्नाशीत का होईना, लिपिक म्हणून रुजू झाला. आपल्या योजनेला उद्या अशी सवलत मिळेलच, असे मी म्हणत नाही. मिळाली, तर ती कागद असणाऱ्यालाच मिळेल.

प्रश्न : माझी हजेरी दरमहा नियमित भरली जाते असे कार्यालय सांगते, पण दोन महिन्यांचे विद्यावेतन माझ्या खात्यावर आलेले नाही. बँकेत विचारले तर 'आमच्याकडे काही आले नाही' असे सांगतात. तक्रार कुठे करावी? – एक वाचक, जि. लातूर

उत्तर : तक्रार करण्यापूर्वी पैसे दुसऱ्याच खात्यात गेले नाहीत ना, हे पाहा. गेल्या वर्षी एक मुलगी दर आठवड्याला पासबुक भरून घेत माझ्याकडे येत होती. तिच्या पासबुकात काही नव्हते, आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्राच्या नोंदीत मात्र रक्कम अदा झाल्याचे दिसत होते. शेवटी उलगडा झाला तो असा की, दोन वर्षांपूर्वी नवे सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिचा अंगठा घेऊन मोबाइलवर चालणारे एक पेमेंट बँकेचे खाते उघडले होते आणि तिचा आधार क्रमांक त्या खात्याला जोडला गेला होता. तिचे सगळे पैसे तिथे पडून होते.

थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे पाठवली जाते आणि ती ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या खात्यात जाते. अर्जात आपण कोणता खाते क्रमांक लिहिला, यावर ते ठरत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे खाते आधारशी जोडले गेले, असाही अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. ओळख पटवण्यासाठी दिलेली प्रत वेगळी, आणि अनुदान स्वीकारण्यासाठी आधार संलग्न करण्याची संमती वेगळी. ही संमती स्वतंत्रपणे द्यावी लागते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतःचा आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी टाकल्यास सध्या कोणती बँक जोडलेली आहे, हे दोन मिनिटांत कळते. बँक वेगळी दिसली, तर हव्या त्या बँकेत जाऊन संलग्नतेचा अर्ज भरून द्या.

बँक बरोबर असेल, तर मग हजेरीकडे वळा. महिन्यात दहा किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजेरी असल्यास त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही. हजेरी आस्थापनेने संकेतस्थळावर भरायची असते, आणि वहीतली सही म्हणजे संकेतस्थळावरची हजेरी नव्हे. त्या दोन महिन्यांची हजेरी ऑनलाइन भरल्याची छापील प्रत मागा, ती जोडून याच कौशल्य विकास केंद्राच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या आणि तिचा आवक क्रमांक घ्या. उत्तर आले नाही, तर राज्य शासनाच्या 'आपले सरकार' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात आपल्या देयकाची सद्यःस्थितीही विचारता येते. माझा अनुभव असा की, माहिती अधिकाराचा अर्ज पोहोचला की बहुतेक वेळा फाइल हलते.

प्रश्न : मुलगी आयटीआयमधून जोडारी (फिटर) हा व्यवसाय उत्तीर्ण झाली आहे. तिच्यापुढे दोन पर्याय आहेत. एका कार्यालयात युवा कार्य प्रशिक्षणाची जागा आहे आणि एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची (अप्रेंटिसशिपची). कार्यालय घराजवळ आहे, विद्यावेतनही थोडे जास्त आहे. काय निवडावे? – एक पालक, जि. नाशिक

उत्तर : माझे मत विचाराल तर कारखाना. मुलगी जोडारी शिकली आहे. कार्यालयात तिच्या हाती कानस, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर येणार नाही, तिथे तिला संगणकावर पत्रे टंकावी लागतील, आणि वर्षभरानंतर मुलाखतीत तिला 'या वर्षात काय केलेस' असे विचारले की तिच्या व्यवसायाशी संबंधित असे काही सांगता येणार नाही. आयटीआयमध्ये हात बसतो, पण चालू कारखान्यातली गती, मोजमापातली शिस्त आणि चूक झाली की माल नाकारला जातो याची धास्ती, हे प्रत्यक्ष यंत्रापाशी उभे राहिल्याशिवाय येत नाही.

शिकाऊ उमेदवारीला १९६१ च्या कायद्याचा आधार आहे, हा दुसरा मोठा फरक. तिथे मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो करार नोंदवला जातो. विद्यावेतनाची किमान मर्यादा कायद्याखालील नियमांनी ठरलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी ती दरमहा ७,००० रुपये झाली. ही किमान रक्कम आहे, कारखाना त्याहून जास्त देऊ शकतो आणि चांगले कारखाने देतातही. शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, त्यामुळे बहुतेक कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत, ही या कायद्याची उणी बाजू पालक म्हणून आपण समजून घेतली पाहिजे. पण दोन संरक्षणे महत्त्वाची आहेत. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या शासकीय अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय उमेदवाराकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही, आणि प्रशिक्षणादरम्यान कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. मुलगी रुजू होईल त्या दिवशी कराराची प्रत, तिचा नोंदणी क्रमांक आणि सुरक्षा बूट, गॉगल मिळतात का, या तीन गोष्टी पाहून घ्या. तिसरी गोष्ट आईवडिलांनी स्वतः विचारावी, कारण नवी मुले संकोचाने विचारत नाहीत.

प्रशिक्षणाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. त्याची किंमत देशभर आहे. रेल्वेच्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखून ठेवल्या जातात, हे उदाहरण बोलके आहे. म्हणून तिने खासगी कारखान्याबरोबरच रेल्वे, महावितरण, एसटी महामंडळ यांच्या शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवायला हवे. एकदा एका ठिकाणी त्याच व्यवसायाची उमेदवारी पूर्ण केली की पुन्हा दुसरीकडे करता येत नाही, याचा विचार करारावर सही करण्याआधीच करा.

नोकरीची हमी मात्र इथेही नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि करारात तसे नसेल तर ती स्वीकारणे उमेदवारावरही बंधनकारक नाही. तरी उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे की, इतर सर्व बाबी समान असतील तर त्या आस्थापनेने थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीत या निकालाचा उल्लेख अर्जात करायला हरकत नाही.

घर जवळ असणे हा मुद्दा मी हलका मानत नाही. पहिली पाळी सकाळी लवकर असते आणि मुलीच्या येण्याजाण्याची काळजी कोणत्याही घराला असतेच. कारखान्याची बस कोणत्या थांब्यावरून सुटते आणि त्या खात्यात आधीपासून मुली काम करतात का, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून या. बहुतेक पालकांची धास्ती त्या एका फेरीत बरीच कमी होते.

प्रश्न : केंद्र सरकारच्या प्रशिक्षण योजनेत निवड झाली असून अनामत म्हणून ५,००० रुपये भरा, असा फोन आला. भरावे का? – एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : भरू नका. या सदरात आज उल्लेख झालेल्या कोणत्याही योजनेत नोंदणीसाठी, निवडीसाठी किंवा रुजू होण्यासाठी उमेदवाराने अनामत भरायची नसते. योजनांमध्ये पैसा शासनाकडून किंवा आस्थापनेकडून उमेदवाराकडे येतो. ज्या क्षणी तो उलट दिशेने मागितला जातो, त्या क्षणी ती फसवणूक समजावी. पैसे दिले असल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : माझा नऊ कामगारांचा छोटा मशीन शॉप आहे. मुले शिकवावीत तर सहा महिन्यांत हात तयार झाला की मोठ्या कंपनीत निघून जातात. तरी मी शिकाऊ उमेदवार घ्यावेत का? – एक लघुउद्योजक, शिरोली, जि. कोल्हापूर

उत्तर : तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. चार ते एकोणतीस मनुष्यबळाच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे, त्यामुळे आपल्यावर सक्ती नाही. घेतलेच, तर नऊ जणांच्या शॉपमध्ये एखाद्याच मुलाला जागा होईल. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. उरलेली रक्कम आपल्याला द्यावी लागेल.

मुले निघून जातात, ही आपली तक्रार खरी आहे आणि आपल्या भागातल्या अनेक फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांकडून मी ती ऐकली आहे. पण ती जातात ती बहुधा शिकल्यामुळे नव्हे, तर शिकल्यानंतरही पगार शिकाऊ असतानाचाच राहिल्यामुळे. उमेदवारी संपण्याच्या दोन महिने आधी त्या मुलाला समोर बसवून पुढचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कोणते मशीन त्याच्या हाती देणार, हे ठरवून सांगा. सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे) सेटिंग शिकवण्याचे लेखी आश्वासन हजार-दीड हजाराच्या वाढीपेक्षा जास्त काळ माणूस टिकवते. आणि एखादा गेलाच, तर आपल्या शॉपचे नाव घेऊन तो जाईल. आपणही कोणाच्या तरी शॉपमध्ये असेच शिकला असाल.

प्रश्न : मला गावात मसाला कांडप सुरू करायचे आहे. वय ३१, शिक्षण दहावी. प्रशिक्षण कुठे मिळेल? बँकेकडे गेले तर तारण मागतात. ३५ टक्के सरकारी पैसे मिळतात असे ऐकले, ते आधी मिळतील का? – एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, प्रशिक्षणासाठी आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. जिल्ह्याची अग्रणी बँक ही संस्था चालवते. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य असते, आणि प्रशिक्षणानंतरही संस्थेने पाठपुरावा करणे अपेक्षित असते. या संस्थांचे मूळ कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात आहे. तिथे प्रशिक्षण आणि बँक एकत्र आणल्या गेल्या. म्हणूनच प्रशिक्षण घेणारीला कर्जाच्या दारापर्यंत सोबत करणे हे संस्थेचे कामच आहे, आणि आपण ते हक्काने मागावे.

अनुदानाविषयी आपण ऐकले ते अर्धे बरोबर आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान असते आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के असतो. पण अनुदान आपल्या हाती येत नाही. ते बँकेत आपल्या नावे तीन वर्षे ठेवीच्या रूपात अडकवून ठेवले जाते, उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की ते कर्जात वळते होते. तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचे नसते. म्हणजे प्रारंभी हप्ता संपूर्ण कर्जाचा आहे असे धरूनच हिशेब करावा. अनुदान हातात येईल या भरवशावर उधारीने मिरची-हळद भरून ठेवलेल्या आणि पहिल्याच वर्षी अडचणीत आलेल्या दोन बायका मला माहीत आहेत.

तारणाचे म्हणाल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तरी तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. कांडपाचा प्रकल्प या मर्यादेत आरामात बसतो. शाखेत तोंडी नकार मिळाला तर वाद घालू नका. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत ऑनलाइन करा, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि यंत्राचे दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांचे दरपत्रक जोडा, आणि नकार आलाच तर कारण लेखी मागा. अर्जापूर्वी एक गोष्ट जरूर करा. आसपासच्या चार गावांत कोण किती मसाला कुटून घेते, किलोला काय दर देते आणि आत्ता कुठे जाते, हे वहीत लिहून काढा. लग्नसराईच्या आणि उन्हाळी साठवणीच्या महिन्यांत काम किती आणि पावसाळ्यात किती, हे वेगवेगळे मांडा, कारण हप्ता मात्र बाराही महिने सारखाच राहणार आहे. ही वही घेऊन शाखा व्यवस्थापकांना भेटा. प्रकल्प अहवाल बहुतेकांचा एकाच साच्यातला असतो, आपली वही मात्र तुमच्याच गावची असेल.